मेलेला बोलतो, भाऊ शेजारी बसतो, मधूनच लाईन येते : इम्पोस्टरचा डाव बरोबरीचा कसा ठेवावा?

रात्रपाळीचा होस्ट (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. आम्ही दहा जण गेल्या पोळ्यापासून दर शनिवारी रात्री, जेवणे आटोपली की, ‘अमंग अस’ खेळतो. मोबाईलवरच्या या खेळात क्रूमेट नेमून दिलेली कामे, म्हणजे टास्क, उरकतात, त्यांच्यात लपलेले इम्पोस्टर त्यांना एकेक करून मारतात, आणि मीटिंगमध्ये मत देऊन संशयिताला बाहेर काढायचे असते. ज्या रात्री रेंज अगदीच रडतखडत असते, त्या रात्री साध्या ग्रुप कॉलवर ‘माफिया’ खेळतो, त्यातही गावकऱ्यांत लपलेला माफिया मतदानाने शोधायचा असतो. सहा जण आमच्या गावातले आहेत, दोन आत्येभाऊ कारंज्याचे, एक मावसबहीण पुसदची आणि एक चुलतभाऊ नोकरीनिमित्त पुण्याला असतो. लॉबी, म्हणजे सगळ्यांनी जमायची खेळातली खोली, मी उघडतो, त्यामुळे भांडण झाले की निवाडाही माझ्याच गळ्यात येतो, आणि अलीकडे भांडणाशिवाय पार पडलेला शनिवार मला आठवत नाही.

पहिली तक्रार आकड्यांची आहे. दिवाळीनंतर मी ‘अमंग अस’चे निकाल वहीत लिहून ठेवू लागलो. २० डावांपैकी १३ डाव इम्पोस्टर जिंकले आणि ७ क्रूमेट. दहा जणांत आम्ही दोन इम्पोस्टर ठेवतो. पुण्याचा भाऊ म्हणतो की हा खेळच तसा आहे. गावातली मंडळी म्हणतात की एकच ठेवा. एकच ठेवून पाहिला, तर त्या बिचाऱ्याला पहिल्या दोन मीटिंगांतच बाहेर काढले आणि डावात राम उरला नाही.

दुसरी तक्रार माहिती फुटण्याची आहे. आमच्यातले दोन सख्खे भाऊ एकाच बाजेवर बसून खेळतात. एकमेकांच्या मोबाईलकडे आम्ही पाहत नाही असे ते सांगतात, आणि मला ते बऱ्याच अंशी खरेही वाटते. पण धाकटा मेला की त्याच्या तोंडून जो हुंकार निघतो तो थोरल्याला ऐकू येणारच, आणि पुढच्या मीटिंगमध्ये थोरला नेमके नाव घेतो. शिवाय बाद झालेली मंडळी दुसऱ्या कॉलवर एकत्र येऊन बोलतात, आणि तिथले बोलणे जिवंतांपर्यंत कसे पोहोचते हे कोणी कबूल करत नाही.

तिसरी तक्रार लाईनची. सध्या हरभऱ्याला पाणी देण्याचे दिवस आहेत. ज्या आठवड्यात कृषिपंपांना रात्रीची पाळी असते, त्या आठवड्यात लाईन आली की दोघे जण डाव अर्धवट टाकून मोटर सुरू करायला शेतात निघून जातात. त्यांना दोष देण्याची माझी छाती नाही, कारण पीक आधी आणि खेळ नंतर. पण मागे राहिलेल्या आठ जणांच्या डावाचा विचका होतो.

चौथी गोष्ट लिहायला थोडी अवघड वाटते. आमच्यातला एक जण प्रत्येक मीटिंगमध्ये समोरच्याला “गजानन महाराजांची शपथ घेऊन सांग” असे म्हणतो. आमच्या घरातून शेगावची वारी चालत आलेली आहे, आणि आमच्यातले निदान तिघे तरी खोटी शपथ घेणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे ते तिघे इम्पोस्टर झाले की एका वाक्यात पकडले जातात.

मावसबहीण मुळातच कमी बोलते. पहिल्या मीटिंगमध्ये काही सुचले नाही की सगळे तिचेच नाव घेतात. मागचे दोन शनिवार ती अभ्यास आहे असे सांगून आलीच नाही.

इम्पोस्टर किती ठेवावेत, कोणते नियम लिहून काढावेत आणि कोणत्या गोष्टी ज्याच्या त्याच्या मनावर सोडाव्यात, हे कृपया सांगावे.

गणिताचा मास्तर (वाशीम)

आपण वही ठेवली हे उत्तम केले, परंतु त्या वहीवरून इतक्यात निकाल काढू नये. नाणे अगदी चोख असले तरी २० वेळा उडवल्यावर १३ किंवा त्याहून अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात सुमारे १३ असते. म्हणजे आपला खेळ पूर्णपणे समतोल असता तरीही असा आकडा वहीत दिसू शकला असता. आणखी ३०-४० डाव लिहा, आणि प्रत्येक डावापुढे किती खेळाडू होते, मधूनच कोण तुटले आणि किती जण एका खोलीत बसले होते हेही नोंदवा. नुसत्या जय-पराजयापेक्षा त्या रकान्यांतून जास्त कळेल.

आता संख्येविषयी. ‘अमंग अस’मध्ये हत्या केव्हाही होते, म्हणून त्याचे गणित मांडणे कठीण आहे. ‘माफिया’चे मात्र सोपे आहे, कारण त्यात दिवस आणि रात्र आळीपाळीने येतात. हा खेळ १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफने बसवला, आणि आज मोबाईलवर दिसणारे या घराण्यातले बहुतेक खेळ त्याचीच नातवंडे आहेत. समजा दिवसाने सुरुवात होते, प्रत्येक दिवशी गाव एकाला बाहेर काढते, प्रत्येक रात्री माफिया एकाला मारतो, आणि माफिया व गावकरी समसमान उरले की माफिया जिंकतो. शिवाय गावाजवळ कसलाही पुरावा नाही, सगळे अंदाजाने मत देतात असे धरू.

सात जणांत एक माफिया असेल, तर गावाला तीन संधी मिळतात : सात जण असताना, पाच असताना आणि तीन असताना. तिन्ही वेळा गाव चुकण्याची शक्यता ६/७ गुणिले ४/५ गुणिले २/३, म्हणजे सुमारे ४६ टक्के. आता आठवा माणूस आणून बसवा. गावकरी एकाने वाढला, तेव्हा गावाचे बळ वाढले असे कोणालाही वाटेल. पण संधी तीनच राहतात, आठ, सहा आणि चार जण असताना, आणि प्रत्येक संधीला संशयितांची गर्दी एकाने जास्त असते. ७/८ गुणिले ५/६ गुणिले ३/४ केले की माफिया जिंकण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांवर जाते. नऊ झाले की गावाला चौथी संधी मिळते आणि तीच शक्यता ४१ टक्क्यांपर्यंत खाली येते. दहा झाले की पुन्हा ४९. विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर मांडून दाखवले तेव्हा निम्म्या वर्गाने माझा गुणाकार चुकला असेच ठरवले होते.

यातून दोन गोष्टी आपल्या कामाच्या निघतात. आपण दहा जण आहात, तर ‘माफिया’च्या रात्री एकाला सूत्रधार, म्हणजे स्वतः न खेळता डाव चालवणारा, करा आणि नऊ जणांनी खेळा, सूत्रधार तसाही लागतोच. आणि खेळाडूंची संख्या सम असेल, तर पहिल्या दिवशी कोणालाही बाहेर न काढणे हे गावाच्या हिताचे असते, कारण रात्री एक जण गेला की संख्या आपोआप विषम होते. दहा जणांत हेच केले तर माफियाची शक्यता ४९ वरून ४१ वर येते. ‘मत न देणे म्हणजे भित्रेपणा’ असे आपल्याकडे कोणी म्हणत असेल, तर त्याला हा हिशेब दाखवावा.

दोन माफिया ठेवले की चित्र फार बदलते. नऊ जणांत दोन माफिया असले तर केवळ अंदाजावर खेळणाऱ्या गावाविरुद्ध ते सुमारे ७० टक्के डाव जिंकतील, दहा जणांत ७८ टक्के. म्हणून दोन माफिया असलेल्या डावात गावाच्या बाजूला एक पोलीस द्यावाच लागतो, म्हणजे रोज रात्री एकाची ओळख सूत्रधाराला विचारू शकणारा खेळाडू. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या तिघांनी या खेळावर एक गणिती निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दाखवले की पोलीस नसेल तर माफियांची संख्या खेळाडूंच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढवता येते, म्हणजे माणसे चौपट झाली तरी माफिया दुप्पटच करायचे. पोलीस असला तर मात्र खेळाडूंचा एक ठरावीक हिस्सा माफिया ठेवूनही डाव बरोबरीचा राहू शकतो. एका माणसाकडे असलेल्या खऱ्या माहितीचे वजन केवढे असते, हे यावरून दिसते. आणि म्हणूनच आपल्या बाजेवरच्या दोन भावांचा प्रश्न मला इम्पोस्टरांच्या संख्येपेक्षा मोठा वाटतो. थोरल्याला धाकट्याकडून जे कळते, ते कळले की तो क्रूमेट राहत नाही. कोणीही न नेमलेला पोलीस होतो.

लहानपणी आपण सगळेच राजा, प्रधान, शिपाई आणि चोर अशा चार चिठ्ठ्या टाकून खेळलो आहोत. राजा आणि प्रधान उघड झाले की प्रधानाने उरलेल्या दोघांतून चोर ओळखायचा, म्हणजे निम्मी-निम्मी शक्यता. त्या खेळात कोणी कधी समतोलाची तक्रार केली नाही. तक्रार व्हायची ती चिठ्ठीची घडी कोणीतरी ओळखून ठेवतो याचीच.

सेटिंगवाला (चांदूर बाजार, जिल्हा अमरावती)

मास्तरांनी ‘माफिया’चे सांगितले आहे, मी ‘अमंग अस’चे सांगतो. हा खेळ २०१८ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. तेव्हापासून आमच्या वसतिगृहात तो चालू आहे. दहा जणांत दोन इम्पोस्टर ही संख्या वाईट नाही. त्यांची ताकद किल कूलडाऊनवर म्हणजे दोन हत्यांमधल्या सक्तीच्या थांब्यावर, आणि कोणाला किती दूरचे दिसते यावर अवलंबून असते. इम्पोस्टर जास्त जिंकत असतील, तर त्यांची संख्या कमी करण्याआधी हा थांबा पाच-दहा सेकंदांनी वाढवून पाहा. क्रूमेटची दृष्टी थोडी वाढवली तरी फरक पडतो.

बाकीची बटणे कोणाच्या बाजूची आहेत हे नीट समजून घ्यावे. बाहेर काढलेला माणूस इम्पोस्टर होता की नाही हे खेळाने जाहीर करावे, ही सोय क्रूमेटच्या बाजूची आहे. काही टास्क करताना इतरांना हालचाल दिसते, जसे वैद्यकीय कक्षातले स्कॅन. ती सोय चालू ठेवली तर प्रामाणिक माणसाला आपले निर्दोषत्व सिद्ध करता येते, म्हणून तीही क्रूमेटच्या बाजूची. कामाची पट्टी सतत पुढे सरकत ठेवली, तर टास्कचे नुसते नाटक करणारा पकडला जातो. ती फक्त मीटिंगच्या वेळी बदलावी असे ठरवता येते. गुप्त मतदान मात्र इम्पोस्टरच्या फायद्याचे असते. ही सगळी बटणे एकदम फिरवू नयेत. एका शनिवारी एकच बदल करावा, नाहीतर वहीतला आकडा कशाने हलला हे कधीच कळणार नाही.

तुटणाऱ्या खेळाडूंबद्दल एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. चालू डावातून एकदा बाहेर पडलेल्याला त्याच डावात परत येता येत नाही, आणि जिवंत क्रूमेट व इम्पोस्टर यांची संख्या समान झाली की इम्पोस्टर जिंकतात. म्हणजे तुमचा एक क्रूमेट मोटर सुरू करायला गेला, की इम्पोस्टरला हात न लावता एक हत्या फुकट मिळाली, आणि त्या हत्येचे प्रेतही कुठे सापडत नाही. उलट दोघांतला शेवटचा उरलेला इम्पोस्टर तुटला तर डाव तिथेच क्रूमेटच्या नावावर जातो. तुमच्या १३ पैकी किती डाव रात्रीच्या पाळीच्या आठवड्यांतले आहेत ते आधी तपासा, असे मी सुचवेन. आमचा नियम असा आहे की पहिली मीटिंग होण्याआधी कोणी तुटला तर डाव रद्द होतो, आणि नंतर तुटला तर डाव चालू राहतो पण वहीत त्यापुढे फुली पडते.

हॉटस्पॉटचेही सांगून ठेवतो. एकाच्या फोनवर चार जण जोडलेले असतील आणि त्या फोनवर कोणाचा कॉल आला, तर आमच्याकडे चौघेही एकदम गडप होतात. ज्याच्या फोनवर सगळे अवलंबून आहेत, त्याने त्या रात्री खेळू नये, फक्त हॉटस्पॉट द्यावा. त्याला चहा पाजावा.

संत्र्याच्या गावची (वरुड)

दोघांनी आकडे आणि बटणे उत्तम समजावली, म्हणून मी उरलेल्या दोन गोष्टींविषयी लिहिते : शपथ आणि तुमची मावसबहीण.

शपथेचा प्रश्न श्रद्धेचा आहे असे समजून लोक गप्प बसतात, पण खेळाच्या दृष्टीनेही तो तपासून पाहावा. या खेळात खोटे बोलणे हे इम्पोस्टरचे काम आहे, आणि डाव संपल्यावर त्याबद्दल कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. शपथ मात्र डावाबाहेरची आहे. डाव संपला तरी ती संपत नाही. आता समजा तुम्ही असा नियम केला की खोटी शपथ घेऊ नये, पण खऱ्याने घ्यायला हरकत नाही. मग काय होईल? क्रूमेट एकामागून एक शपथ घेतील, आणि जो घेणार नाही तो आपोआप उघडा पडेल. म्हणजे खरी शपथसुद्धा तितकीच घातक आहे. म्हणून शपथ घेणेही बंद आणि मागणेही बंद, अगदी गमतीतली ‘आईशप्पथ’सुद्धा, हाच एक नियम टिकतो. आमच्या गटात शपथ मागणाऱ्याला त्या मीटिंगमध्ये मत देता येत नाही. दोन शनिवार दोन जणांची मते गेली, त्यानंतर कोणी तो शब्द काढला नाही. याच माळेतली दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरची देवघेव. “तू मला आज वाचव, उद्या तुला माझी गाडी नेऊ देतो” अशी बोली आमच्याकडे खरोखर झाली होती. डावातले मत डावाबाहेरच्या वस्तूने विकत घेता येऊ लागले, तर ज्याच्याकडे गाडी आहे तोच नेहमी वाचेल.

आता बहिणीविषयी, आणि इथे मी थोडी रागावून लिहीत असेन तर समजून घ्यावे, कारण नागपूरच्या वसतिगृहात माझे हेच झाले होते. पहिल्या मीटिंगमध्ये कोणाकडेच माहिती नसते. तरी मत द्यायचे म्हटल्यावर माणसे सवयीने देतात; जो कमी बोलतो, जो अडखळतो किंवा जो आपल्यासारखे बोलत नाही, त्याच्यावर बोट जाते. माझ्या वेळी एकीने मला सांगितले की तू घाबरून बोलतेस म्हणून संशय आला. मी घाबरले नव्हते, मी वऱ्हाडी बोलत होते. “मी तं तिकडं गेलोच नाई ना बाप्पा” असे आमच्याकडे बायकासुद्धा सहज बोलतात, आणि शहरातल्या मुलीला त्यातला हेल अपराध्यासारखा वाटला. तुमच्या पुण्याच्या भावाला हे विचारून पाहा. तो मुद्दाम करत नसेल, पण त्याच्या कानाला गावाकडचे बोलणे गोंधळलेले वाटत असू शकते. ज्याला ठासून बोलता येते तो दर डावात वाचतो, आणि ज्याला येत नाही तो दर डावात पहिला जातो. इम्पोस्टर एक असो की दोन, त्या माणसासाठी डाव सुरूच होत नाही.

यावर आम्ही तीन उपाय केले. मीटिंग सुरू झाली की आधी प्रत्येकाने आळीपाळीने वीस सेकंद आपण कुठे होतो ते सांगायचे, आणि सुरुवात दर वेळी वेगळ्याने करायची. उलटतपासणी सगळ्यांचे सांगून झाल्यावर. कोणाचे नाव घ्यायचे असेल तर या डावात पाहिलेली किंवा ऐकलेली एखादी गोष्ट सांगावीच लागते. “मला वाटते” हे कारण चालत नाही, “ती नेहमीच अशी असते” हे तर मुळीच नाही. आणि ‘माफिया’त मागच्या डावात जो सर्वांत आधी बाद झाला, त्याला पुढच्या डावाच्या पहिल्या दिवशी आणि पहिल्या रात्री कोणी हात लावायचा नाही. या शेवटच्या नियमाने डावाचा समतोल किंचित ढळतो हे मला मान्य आहे, कारण सुरक्षित असलेला माणूस माफियाही असू शकतो. पण बारा जणांतले बाराही पुढच्या शनिवारी परत यावेत, यासाठी तेवढी किंमत आम्ही आनंदाने देतो.

पानठेल्यावरचा (आर्णी)

सगळ्यांचे वाचले. मला यातले निम्मे पटत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

भाऊ, हा खेळ माणूस ओळखण्याचा आहे. पानठेल्यावर बसून मी समोरच्याचे डोळे पाहून सांगतो की हा उधारी देणार की बुडवणार. आवाज बदलला, हुंकार निघाला, हे सगळे खेळातलेच पुरावे आहेत. ताईंच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाने वीस सेकंदांची भाषणे करायची आणि कारण लिहून दिल्यासारखे सांगायचे, तर मग ग्रामसभाच भरवावी. कोणी ठासून बोलत असेल तर ते त्याचे कसब आहे. कबड्डीत एखाद्याचे पाय लांब आहेत म्हणून आपण त्याला बसून खेळायला सांगतो का?

शपथेचे मात्र ताईंचे म्हणणे बरोबर आहे. ती नकोच.

संत्र्याच्या गावची (वरुड)

भाऊ, कबड्डीचा दाखला मला आवडला, म्हणून त्यातूनच उत्तर देते. लांब पायांच्या गड्याला आपण बसवत नाही, हे खरे. पण चढाई करणाऱ्याचा दम सुटला, तर पाय कितीही लांब असले तरी तो बाद होतो, कारण एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत राहायचे हा नियम सगळ्यांना सारखा आहे. आळीपाळीने बोलणे हा तसाच दम आहे. त्यानंतर तुम्ही हवे तेवढे ठासून बोला, डोळे पाहा, आवाज ऐका.

आवाजावरून ओळखण्याला माझा विरोध नाहीच. ग्रुप कॉलवर मीटिंगमध्ये बोलताना कोणाचा स्वर कापला, तर तो दहाही जणांनी ऐकला. ज्याला कळले त्याला कळले. बाजेवरचा हुंकार फक्त एकाने ऐकला, आणि तोही अशा माणसाचा, ज्याने मेल्यावर गप्प राहायचे होते. माझी हरकत एवढ्याचीच आहे.

गणिताचा मास्तर (वाशीम)

ताईंच्या म्हणण्यात एक भर घालतो. ग्रुप कॉलवर ‘माफिया’ खेळताना सूत्रधार रात्री माफियाला व्हॉट्सॲपवर वैयक्तिक मेसेज पाठवून “कोणाला मारायचे” असे विचारतो. त्या वेळी ज्याच्या फोनची टिंग वाजते, ती सगळ्या कॉलवर ऐकू जाते. माझ्या भाच्यांच्या गटात महिनाभर एक जण केवळ त्या आवाजावर जिंकत होता, आणि सगळे त्याला अंतर्ज्ञानी समजत होते. उपाय असा की सूत्रधाराने दर रात्री सगळ्यांना एकाच वेळी सारखाच मेसेज पाठवावा, आणि प्रत्येकाने काहीतरी उत्तर द्यावे : माफियाने नाव, पोलिसाने नाव, गावकऱ्याने आज काय जेवलो ते. रात्रीचा वेळ ठरावीक असावा, म्हणजे लवकर उत्तर आले की उशिरा यावरूनही काही कळणार नाही.

मेलेल्यांचाही विचार करावा. ‘अमंग अस’मध्ये मेलेल्या क्रूमेटला टास्क पूर्ण करायचे काम उरते आणि भुतांना आपापसांत चॅट करता येते, त्यामुळे ते गुंतलेले राहतात. ‘माफिया’त मेलेल्याला काही कामच नसते, म्हणून तो दुसरा कॉल लावतो. त्याला मूळ कॉलवरच आवाज बंद करून बसवावे आणि रोज रात्री माफिया कोण याचा अंदाज सूत्रधाराला पाठवायला सांगावे. शेवटी ज्याचा अंदाज सर्वांत आधी बरोबर आला त्याचे नाव वहीत लिहावे. रिकाम्या माणसाला गुपित सांभाळायला सांगण्यापेक्षा काम देणे सोपे असते, हे तीस वर्षे वर्ग सांभाळल्यावर मी सांगू शकतो.

रात्रपाळीचा होस्ट (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

सर्वांचे आभार. तीन शनिवार गेल्यावर लिहीत आहे.

सेटिंगवाल्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे वही तपासली. १३ पैकी ६ डाव रात्रीच्या पाळीच्या आठवड्यांतले निघाले, आणि त्या सहांपैकी चारांत कोणीतरी क्रूमेट मोटरीकडे गेलेला होता. ते चार डाव वगळले तर ९ विरुद्ध ७ उरतात, आणि यावर भांडण्यासारखे काही नाही असे पुण्याच्या भावानेही मान्य केले. आता ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असते त्या शनिवारी आम्ही ‘अमंग अस’ लावतच नाही. ‘माफिया’ खेळतो, आणि ज्याला शेतात जायचे आहे त्यालाच सूत्रधार करतो. पहिल्या वेळी तो बांधावरून बोलत होता. मागे पाण्याचा आवाज येत होता, आणि रात्र झाली असे सांगायला त्याला वेगळे नाटक करावे लागले नाही. मोटर बंद करायला गेला तेव्हा मात्र गाव दहा मिनिटे झोपूनच राहिले.

शपथेचा नियम सर्वांनी एका आवाजात मान्य केला. पहिले मत गेले ते माझेच, कारण बोलण्याच्या ओघात मीच “देवाशपथ” म्हणून गेलो.

आळीपाळीने बोलण्यावर थोडी कुरकुर झाली. वीस सेकंदांऐवजी पंधरा ठरले. पुसदच्या बहिणीला मी नवे नियम पाठवले होते, काही आग्रह केला नव्हता. मागच्या शनिवारी ती आली. तिसऱ्या डावात ती इम्पोस्टर होती आणि तिने आम्हा सर्वांना शेवटपर्यंत फिरवले, तेव्हा पुण्याचा भाऊ म्हणाला की ती बोलू लागली हेच चुकले. हे त्याने गमतीत म्हटले असे मी धरून चाललो आहे.

बाजेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. धाकट्याला काकांच्या ओसरीवर बसवून पाहिले, पण तिथे रेंज येत नाही. रेंज त्या बाजेवरच येते. सध्या दोघे पाठीला पाठ लावून बसतात आणि धाकट्याच्या तोंडात सुपारी असते. याहून बरा उपाय कोणाला सुचला तर सांगावा.

सेटिंगवाला (चांदूर बाजार, जिल्हा अमरावती)

रेंज बाजेवरच येत असेल तर बाजेवर हॉटस्पॉटचा फोन ठेवा आणि दोघांनाही तिथून उठवा. ओसरी किती लांब आहे?

रात्रपाळीचा होस्ट (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

मध्ये फक्त गोठा आहे. शनिवारी करून पाहतो. त्या आठवड्यात पाळीही दिवसाची आहे.